आर्विलचा ट्रॅक्टर, डेल्मरचं मशीन

आर्विलने ट्रॅक्टर पुन्हा मागे घेतला आणि पुन्हा मशीन बसलं नाही.

ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजार उचलणाऱ्या लोखंडी हातांवर त्याने एक नवीकोरी लोखंडी चौकट चढवून आणली होती. दुकानदार म्हणाला होता, ही असली की एकटा माणूस सीटवरून न उतरता मशीन जोडतो. आर्विलला नेमकं तेच हवं होतं. झुडपं छाटायचं मशीन धाकट्या भावाच्या, डेल्मरच्या गोठ्यामागे असतं, आणि डेल्मरशी तो नाताळपासून बोलत नव्हता. भांडण कशावरून, तर शिकारी कुत्रीच्या पिल्लांवरून! बापाने मरताना वाटणीच तशी करून ठेवली: ट्रॅक्टर थोरल्याला, मशीन धाकट्याला. म्हातारा शेवटी चळला होता, असं आमच्या खोऱ्यात अजून म्हणतात.

उद्या डेकोरेशनचा रविवार. सगळं गोत टेकडीवर जमणार, आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं घालणार, तिथेच गवतावर पंगत मांडणार. आणि यंदा टेकडीवर काटेरी जाळी कमरेइतकी माजलेली. त्यांच्या आईचे, हेटीचे, गुडघे केव्हाच गेले. वाट मोकळी झाली तर पिकअप वर जाणार, आणि पिकअप गेली तरच म्हातारी नवऱ्याच्या कबरीपाशी पोचणार. सकाळपासून ती गोठ्यामागेच खुर्ची टाकून बसली होती.

डेल्मर कुंपणाला टेकून कॉफी पीत हसत होता.

“दात काय काढतोस? जा ना मदतीला,” हेटी म्हणाली.

“त्याला माणूस लागत नाही, आई. त्याच्याकडे चौकट आहे.”

आर्विलने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ट्रॅक्टर पुढे, ट्रॅक्टर मागे. चौकटीचे खालचे दोन आकडे मशीनच्या पिनांखाली बरोबर यायचे. वरचा मात्र चार बोटं उंचच राहायचा. मशीन बापाच्या तरुणपणचं, चौकट कालची. दुकानात जाण्याआधी जरा मोजून जावं, तर ते नाही. मोजायला इथे यावं लागलं असतं ना!

“जमीनच उताराची आहे इथली,” तो कुणालाच उद्देशून नाही असं ओरडला.

“नाचता येईना अंगण वाकडं!” हेटी म्हणाली. “तुझ्या आज्यापासून उतारच आहे तो.”

आर्विल उतरला आणि त्याने चौकटीला सणसणीत लाथ घातली. चौकट हलली नाही. तोच अंगठा धरून एका पायावर नाचला. डेल्मरला हसू आवरेना, कॉफी नाकात गेली.

तेव्हा मात्र हेटीचा संयम सुटला. “बरं, माझ्या मरणाची वाट बघताय ना? बघा! मग न्यालच मला वर. खांद्यावरून! तेव्हा तरी दोघं लागाल की नाही?”

डेल्मरने उरलेली कॉफी गवतात ओतली आणि गोठ्यातून पाना घेऊन आला. दोघांनी मिळून चौकट उतरवली.

मग जुनीच रीत. आर्विल सीटवर, आणि डेल्मर मागच्या चाकांच्या आणि मशीनच्या मध्ये, त्या अरुंद जागेत. ज्याच्याशी पाच महिने अबोला, त्याच्याच चाकांच्या मध्ये तो निवांत उभा राहिला. आर्विल मान वळवून फक्त त्याच्या बुटांकडे बघत होता. क्लच तो अगदी जपून, हळूहळू सोडत होता.

“ये. ये. बोटभर. थांब! थांब म्हटलं ना, बहिऱ्या!”

“थांबलोय की!”

“डावा बसला. आता तुझा उजवा खाली घे. उजवा, अरे! जेवतोस त्या हाताचा!”

“मी डावखुरा आहे, गाढवा.”

“अख्ख्या खोऱ्यात हाच एक डावखुरा, आणि तो माझ्या नशिबात!”

डेल्मरने पहार घालून मशीन हलवलं. दुसरी पिन बसली, मग वरची. पात्याला ताकद देणारा शाफ्ट तेवढा बसेना. डेल्मर तो फिरवत राहिला, शिव्या देत राहिला, शेवटी आर्विल इंजिन बंद करून खाली उतरला आणि दोघांनी चार हातांनी रेटला तेव्हा खट्‌कन बसला. दोघांचेही कोपर सोललेले, दोघंही घामाने निथळत होते.

उन्हं उतरेपर्यंत टेकडी साफ झाली. पिकअपची वाट थेट वरपर्यंत मोकळी दिसू लागली. हेटीने उद्यासाठी आयरिसची फुलं बादलीत घालून ठेवली.

आर्विलने मशीन गोठ्यामागे आणलं, जमिनीवर टेकवलं, पण इंजिन बंद करेना.

“राहू दे असंच जोडलेलं,” तो म्हणाला. “माझ्या शेडमध्ये ठेवतो. वर पत्रा आहे, गंजायचं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा ही कटकट कोण करणार?”

डेल्मर मागे गेला आणि त्याने पिनेची कडी उपसली.

“अरे, डोकं फिरलंय का तुझं? सबंध सकाळ घातली ते जोडायला!”

डेल्मर पिनेवर हातोडी मारत राहिला. मान वर न करता म्हणाला, “जोडलेलं राहिलं, तर पुढच्या मे महिन्यात तू येशील इकडे?”

आर्विलने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, लंगडत खाली उतरला आणि दुसऱ्या बाजूच्या पिनेपाशी गुडघे टेकून बसला.

“आधी शाफ्ट काढा रे, गाढवांनो!” हेटी खुर्चीतून ओरडली. “दरवर्षी सांगायचं का?”