तेलाची चिंधी

स्वयंपाकघरातल्या सागवानी ओट्याला जवसाचं तेल लावलं की सासूबाई दरवेळी बजावायच्या, "रूपा, चिंधीचा बोळा करून ठिवू नको गं. हे तेल लई वाईट, आपोआप पेट घेतंय. भिजवून वाळत टाक."

त्या वारल्यानंतर रूपानं पहिल्यांदाच ओट्याला तेल पाजलं. घाईत बोळा सिलेंडरमागं टाकला आणि घराला कुलूप लावून नवरा-बायको दोघं खुलताबादला लग्नाला गेली. परतताना तिला आठवलं. धावत आत आली, तर बोळा तिथं नव्हता.

"अहो, चिंधी तुम्ही उचलली का?"

"मी कधी उचलू? तुझ्यासंगंच तर होतो. किल्लीबी तुझ्याकडंच."

चिंधी गॅलरीतल्या दोरीवर होती. तिच्यातून अजून पाणी ठिबकत होतं आणि मधोमध रुपयाएवढं जळकं भोक होतं.