महिनाभर गप्प

गळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाण्याच्या बाईंना बजावलं, महिनाभर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आवाज परत येईल की नाही, या धास्तीने बाईंचा जीव अर्धा झाला होता.

त्यांच्या बडबड्या लेकीने विचारलं, "आई, थंडी आली की झाडं पानं का टाकतात गं?"

बाईंनी वहीत लिहिलं, 'थंडीत मुळांना पाणी कमी मिळतं आणि पानांतून ते उडून जातं. म्हणून झाड पानं गाळून पाणी वाचवतं.'

लेकीने अक्षरं लावत ते वाचलं, अंगणातल्या झाडाची फांदी वाकवून पाहिली आणि धावत आली. "आई, पान गळलं तिथे आधीच इवलासा कोंब आहे!"

मग आईच्या गळ्याला कान लावून ती कुजबुजली, "इथेही असणार. तोवर आपण दोघी गप्प बसू."