माहेरचा वारसा

"आमच्या सात पिढ्या एकाग्रतेसाठी प्रसिद्ध आहेत!" वडिलांनी डॉक्टरीणबाईंना ठणकावलं आणि ते तिसऱ्यांदा खुर्चीतून उठून पुन्हा बसले.

त्यांच्या लेकीला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार, आहे आणि तो पुष्कळदा घराण्यातून येतो, असं बाईंनी सांगितल्यापासून त्यांचा संशय बायकोच्या माहेराभोवती घिरट्या घालत होता.

"मेव्हण्याने वर्षात चार छत्र्या हरवल्या. सासूबाईंची एक गोष्ट धड पुरी होईल तर शपथ! आणि सासरेबुवा तर... काय सांगत होतो मी?"

बायको नवऱ्याच्या हातांकडे बघत होती, डॉक्टरीणबाईही.

"सासरेबुवा," बाईंनी आठवण करून दिली. "पण ते राहू द्या. आधी माझा स्टेपलर तेवढा पुन्हा जोडून देता का?"