पाकळी होईपर्यंत

"मम्मी काम करताना दार उघडत नाही, बोलतही नाही. घाबरू नका हं," इथं सिंगापुरात शेजारच्या गोह आंटींच्या मुलीनं बजावलं होतं. एकट्या म्हातारीबद्दल असं कुणी सांगतं? मी कानाआड केलं. काल बेल वाजवून दमले, तेव्हा बाळाला कडेवर घेऊन कॉरिडॉरच्या खिडकीतून पाहिलं. आंटींचं तोंड एका बाजूला वाकडं, हात थरथरतोय, हाक मारली की नुसतं "उंऽ"! पक्षाघातच! मी अँब्युलन्स बोलावली. ती आली, तेव्हा कुठे आंटींनी नवरीनं केसांत माळायच्या फुलाची कागदी पाकळी रेशमी धाग्यानं गुंडाळून संपवली, दातांतलं धाग्याचं टोक सोडलं आणि दार उघडलं. "आयो! मध्येच धागा सोडला तर अख्खी पाकळी उलगडते, लाह!" तपासणीत त्यांचा रक्तदाब उत्तम, माझाच वाढलेला निघाला. उद्या मी पुण्याला चाललेय. आपल्या यिशुन भागातल्या मंडळींनो, आंटींकडे डोकावत जा. फक्त आधी दात बघा.