रविवारची हजेरी

“डबा घेतला का जी?” रंजिताने बसल्या जागेवरून विचारलं. मांडीवर टीना दूध पीत होती.

“घेतला. तू उठू नको,” म्हणत लोकेशने वही पिशवीत टाकली आणि तो सालेकशाच्या स्टेशनकडे निघाला. गोंदियाची गाडी सव्वासातला यायची.

नवरा-बायको दोघंही हायस्कूलला गणित शिकवत. नोकरी सांभाळून एम.एस्सी. करायची म्हणून फॉर्मही दोघांनी मिळूनच भरला होता. वर्ग फक्त रविवारी, गोंदियाला. पण पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही, तर परीक्षेला बसू देत नसत. वर्ग सुरू व्हायला आणि टीना जन्मायला एकच गाठ पडली. पोरगी अशी हट्टी, की बाटली तोंडाला लावू देईना. मग एकानेच जायचं झालं. कोणी, ते ठरवावंही लागलं नाही.

पहिल्याच रविवारी रंजिता म्हणाली होती, “माझीबी सही मारून देजा न.”

“नाही जमत. कागद फिरला का बाबू डोकी मोजते. एक सही जास्त निघाली, तर सगळ्यायची हजेरी कापते.”

“मंग राहू द्या.”

तिने राहू दिलं. पण रविवारी अकरा वाजले, की कणकेत हात तसेच राहत. आता तिकडे फळा भरत असेल. एखादी सिद्धता अडत अडत शेवटच्या ओळीला टेकली, की कॉलेजात तिच्या अंगावर काटा यायचा. नववीची बहुपदी शिकवताना तो काटा कधी आला नव्हता.

संध्याकाळी लोकेश वही तिच्यापुढे टाकी. “हे घे. मले तर काही समजून नाही राहिलं. तूच सोडव.”

“परीक्षा तुमाले द्याची हाय का मले?”

“सोडव न वं. मी पाहतो टीनाले.”

टीना त्याच्या खांद्यावर झोपून जाई. रंजिता ग्रुप थिअरीत बुडून जाई. एकदा एका गणिताला तीन पानं लागली. शेवटी जमलं, तशी ती एकटीच हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले.

“काऊन वं?”

“काही नाही. तुमी पास व्हा, मंग मीबी मिरवीन, एम.एस्सी.वाल्या सरची बायको म्हणून.”

“मोठी आली मिरवणारी!” म्हणत तो टीनाला थोपटत राहिला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी टीना मऊ भात खाऊ लागली. हॉलतिकिटं वाटायचा दिवस आला.

“आज तूच जा,” लोकेश म्हणाला. “माह्याकडे पेपर तपासाचे पडले हायेत. पोरगी राहते माह्यापाशी.”

गोंदियाला पोचल्यावर रंजिता आधी त्या वर्गात शिरली. वर्ग रिकामा होता. फळ्यावर अर्धवट पुसलेलं एक समीकरण होतं. ती पहिल्या बाकावर बसली, ते समीकरण मनातल्या मनात पुरं केलं आणि उठली.

ऑफिसात तिने सांगितलं, “मेश्राम, सालेकसा.”

बाबूने गठ्ठ्यातून हॉलतिकीट काढून दिलं. त्यावर तिचाच फोटो होता.

“हे नाही जी. हे चुकून निघालं असन. लोकेश मेश्रामचं द्या.”

बाबूने हजेरीचं रजिस्टर उघडलं. पानांवरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं.

“हे सर तर वर्षभरात एकदाही आले नाहीत, मॅडम. तुम्ही मात्र एकही रविवार चुकवला नाही.”