बेशुद्धीतली लेक

अमरावतीच्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर बेशुद्ध असताना कौशल्याने एक मुलगी वाढवली होती. तिला भरवलं, तिच्या वेण्या घातल्या, शाळेत धाडलं. शुद्ध आली आणि मुलगी हरवली.

अचलपूरच्या घरात कधी मूल झालंच नव्हतं. तरी बरी होऊन परतल्यावर तिला त्या लेकीचीच ओढ लागली होती.

“तो भास व्हता. डॉक्टरनं सांगतलं ना तुले,” तिचा नवरा गजेंद्र समजूत घालायचा.

एका दुपारी तो संत्र्याच्या बागेतून धापा टाकत आला.

“आत्ता तुया फोन कोनं उचलला? एक पोरगी बोलली. म्हने, आई झोपली हाय.”

कौशल्या उठून बसली. घरात कोणीच नव्हतं.

“जेवली का, इचारलं का तुमी तिले?”