ब्रेकची ट्रायल

थोरल्याने चारही काचा खाली घेतल्या, रेडिओ बंद केला आणि गाडी गॅरेजबाहेर काढली. ट्रायल तोच घ्यायचा, आणि ट्रायलच्या वेळी कुणी हूं की चूं करायचं नाही, हा त्या गॅरेजचा कायदा होता. एरवी तो एकटाच जायचा. आज मागच्या सीटवर गाडीच्या मालकीणबाई होत्या. "या वेळी मी सोबत येणार," असं सांगून त्या पर्स मांडीवर घेऊन बसल्याच होत्या. एकाच आवाजासाठी गाडी पुन्हा पुन्हा आणावी लागल्यावर त्यांना नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. थोरल्याच्या शेजारी धाकटा भाऊ होता. त्यालाही बाईंनीच हातातलं काम टाकायला लावून बसवलं होतं, साक्षीदार म्हणून असावं.

पॅड नवे होते. डिस्क नव्या होत्या. पॅड दाबून धरणारे कॅलिपर उघडून साफ केलेले. आता जुना म्हणावा असा फक्त ब्रेक दाबणाऱ्याचा पाय उरला होता.

गोदामांच्या मागच्या सरळ रस्त्यावर थोरल्याने वेग धरला आणि हलकेच ब्रेक दाबला.

पुढच्या चाकातून आवाज निघाला, बारीक, चिरका आणि लांबलचक. बाईंनी दात आवळले. फुटपाथवरून चाललेल्या एका माणसाने मान वळवून पाहिलं.

"गेला आवाज," थोरला म्हणाला. "मस्त लागतोय ब्रेक."

धाकट्याला आधी वाटलं, दादा थट्टा करतोय. पण दादा कामात थट्टा करत नसे. तो एक कान खिडकीकडे कलता ठेवून बसला होता, नेहमीसारखाच, आणि त्याच्या चेहऱ्यावर काम संपल्याचं समाधान होतं.

"गेला?" बाई म्हणाल्या. "अहो उस्ताद, रस्त्यावरची माणसं वळून बघतायत."

"डिस्क नवी आहे ताई. आठवडाभर जरा घासल्यासारखं वाटतं, ते वेगळं. आवाज असता तर माझ्या कानाने सोडला नसता."

बाई धाकट्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. आला की नाही आवाज?"

पॅडच्या पाठीला एक पातळ पत्र्याची शिम लावतात, पॅड थरथरून वाजू नये म्हणून. थोरला ती सरसकट लावत नसे. "कंपनीचे चोचले आहेत," तो म्हणायचा. "वाजलं तर ट्रायलला मला कळेल. मग लावू." आणि कळायचंच. रस्त्याने जाणाऱ्या गाडीचं कुठलं बेअरिंग गेलंय ते तो चहा पिता पिता सांगायचा, आणि ते खरं निघायचं. गेले काही महिने मात्र ट्रायलनंतर एकाही गाडीला शिम लागली नव्हती. डबा भरलेला तसाच होता. धाकटा समजत होता, हल्ली पॅड चांगले यायला लागलेत.

दादाला बोलणं ऐकू येत होतं, इंजिनही ऐकू येत होतं. फक्त हा बारीक आवाज कधीतरी त्याच्या कानातून निघून गेला होता, आणि जाताना त्यालाही सांगून गेला नव्हता. शहरात अशा किती गाड्या किंचाळत फिरत असतील? हल्ली फिरकली नव्हती ती गिऱ्हाइकं एकेक करून धाकट्याला आठवू लागली.

त्याला वाईट वाटायला हवं होतं. निदान भीती तरी. पण आतून काहीच उठेना. एकाच जागी बसून बधिर झालेला पाय आपला असूनही आपला वाटत नाही, तसं त्याला स्वतःबद्दलच वाटत होतं. हो म्हणावं, तर दादाचा कान गिऱ्हाइकासमोर जातो, आणि कान गेल्यावर उस्ताद कसला राहिला? नाही म्हणावं, तर ही गाडी अशीच जाते, आणि तिच्यामागून पुढचीही.

"माझं लक्ष नव्हतं," तो म्हणाला.

थोरल्याने पुन्हा वेग धरला, पुन्हा ब्रेक दाबला. या वेळी त्याची नजर आरशात होती. आरशात बाईंचे खांदे वर गेले आणि ब्रेक सुटल्यावर खाली आले.

"आत्ताही?" त्याने विचारलं.

"आत्ताही." बाईंच्या बोलण्यातला राग गेला होता. त्यांनी पर्स उघडली आणि उगाच काहीतरी शोधायला घेतलं.

थोरल्याने गाडी थांबू दिली. रस्ता रिकामा होता. मग त्याने गाडी चालण्याच्या वेगाने पुढे सोडली आणि ब्रेक दाबला. आता तो आरशातही बघत नव्हता. तो धाकट्याकडे बघत होता.

आवाज आला. धाकट्याने पापणीसुद्धा हलू दिली नाही. जबडा घट्ट मिटून तो समोर बघत राहिला. भावासाठी त्याला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

"चेहरा असा आवळू नकोस," थोरला हळूच म्हणाला. "सैल सोड. इथून पुढे मला त्यावरूनच कळायचंय."

धाकट्याने जबडा सैल केला. त्याच्यावरची नजर न हलवता थोरल्याने पुन्हा ब्रेकवर पाय दिला.